वर्सोव्याच्या म्हावऱ्याचा हिशेब

१९५८ साली ‘बायोमेट्रिक्स’ या नामांकित संख्याशास्त्रीय नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध झाला. भारताच्या किनाऱ्यावर किती समुद्री मासळी येते, याचा अंदाज नमुना पाहणीने कसा काढावा, हा त्याचा विषय. लेखक तीन : पां. वा. सुखात्मे, वि. गो. पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. लंडनला संख्याशास्त्र शिकून ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत आले आणि पीक कापणी प्रयोगांची देशव्यापी पद्धत त्यांनी तिथे बसवली. पानसे इंदूरला कापसावर काम करून याच वाटेला लागलेले. दोघांनी मिळून लिहिलेलं शेतीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक आपल्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासलं गेलं. ज्वारी-गव्हाचा अंदाज बांधणारी ही माणसं मासळीकडे वळली, कारण स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईच्या दिवसांत देशाला आपल्या अन्नाचा पुरता हिशेब हवा होता आणि समुद्राच्या बाजूचं पान जवळजवळ कोरं होतं.

अंधेरीच्या पश्चिमेला वर्सोव्याच्या बंदरावर आजही मासळीची नोंद होते ती याच विचाराच्या वारशाने. मुंबईकराला वर्सोवा ठाऊक असतं ते समुद्रकिनाऱ्यासाठी, सिनेमावाल्यांसाठी, आता मेट्रोसाठी. पण मासळीचं शास्त्र आणि मासळीचे आकडे या दोन्हींचा देशातला एक मोठा पत्ता याच उपनगरात आहे. केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था ६ जून १९६१ रोजी मुंबईत सुरू झाली, १९७९ मध्ये कृषी संशोधन परिषदेकडे आली आणि १९८९ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. तिची मोठी वसाहत यारी रोडजवळ. सात बंगल्याकडच्या तिच्या जुन्या आवारात केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेचं मुंबई केंद्र आहे. हे केंद्र पूर्वी फोर्टात महात्मा गांधी रस्त्यावरच्या आर्मी अँड नेव्ही इमारतीत होतं. सात बंगल्याकडच्या आवाराच्या रस्त्याचं नावही आता फिशरीज युनिव्हर्सिटी रोड असंच आहे. तिथून कोळीवाडा आणि बंदर हाकेच्या अंतरावर नसलं तरी पायी जाण्याजोगं आहे. आकडा जिथे जन्मतो आणि जिथे तपासला जातो, ती दोन्ही ठिकाणं एकाच उपनगरात असण्याचा योग फार थोड्या शहरांना लाभतो.

सुखात्मे-पानसे यांच्यापूर्वी मोजणी नव्हतीच असं नाही. फक्त ती माशांची कमी आणि माशांच्या नावांची जास्त होती. मद्रासच्या लष्करी वैद्यकीय सेवेतला डॉक्टर फ्रान्सिस डे याने १८७३ साली हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या सागरी मासेमारीवर अहवाल दिला आणि १८७५ ते १८७८ या काळात भारतातल्या माशांवरचा आपला महाग्रंथ पुरा केला. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर हेही आपल्या कामाचं, कारण तेव्हा साष्टी तालुका ठाणे जिल्ह्यात होता आणि वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई ही सगळी बंदरं त्यात मोडत. त्यात मासे आहेत, जाळी आहेत, मच्छीमार जातींची वर्णनं आहेत. नाही ते एकच, वर्षाची पकड. पुढे सनदी सेवेतल्या एच. टी. सॉर्ली यांचा मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीवरचा अहवाल १९३३ मध्ये निघाला. त्यानेही धंद्याचं चित्र बारकाईने रेखाटलं. पण नियमित, दरमहा चालणारी मोजणी उभी राहायला अजून अवकाश होता.

अडचण खरीच होती. शेतातलं पीक जागेवर उभं असतं. गाव ठरलेलं, गट नंबर ठरलेला, कापणीचा हंगाम ठरलेला. मासळीचं यातलं काहीच ठरलेलं नाही. होडी पहाटे लागेल की मध्यरात्री, हे भरतीवर. माल एका बंदरावर उतरेल की दुसऱ्या, हे भावावर. डोलीच्या जाळ्यात एकाच ओढीला बोंबील, मांदेली, जवळा, करंदी असं सगळं एकत्र येतं आणि काठावर आल्याबरोबर कोळणींच्या टोपल्यांत वाटलं जातं. तासाभरात मोजायला काही उरत नाही. आणि हे एका बंदराचं झालं. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा. २०१० च्या सागरी मत्स्यगणनेत राज्यात मासळी उतरवण्याची १५२ केंद्रं आणि ४५६ मच्छीमार गावं नोंदली गेली. रोज प्रत्येक ठिकाणी माणूस उभा करणं कुठल्याही सरकारला परवडणारं नव्हतं, आजही नाही.

सुखात्मे-पानसे यांच्या विचाराचं सामर्थ्य इथे दिसतं. सगळं मोजता येत नसेल तर थोडं मोजा. पण ते थोडं कुठलं, हे आपल्या सोयीने ठरवू नका. मलबार किनाऱ्यावरच्या प्राथमिक पाहण्यांतून ही कल्पना तपासली गेली. ३ फेब्रुवारी १९४७ रोजी मद्रासला स्थापन झालेली, १९४९ मध्ये मंडपमला गेलेली आणि १९७१ पासून कोचीला असलेली केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून तिचा वापर देशभरच्या किनाऱ्यावर करू लागली. एस. के. बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला आजचं रूप दिलं. १९७३ मध्ये ती सविस्तर छापून प्रसिद्ध झाली.

ती चालते कशी, हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. किनाऱ्याचे विभाग पाडलेले असतात. ससून डॉक, भाऊचा धक्का अशी मोठी बंदरं स्वतंत्र विभाग धरली जातात, बाकीच्या विभागांत अनेक लहान बंदरं येतात. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग. पहिल्या पाच दिवसांतला एक दिवस यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी उचलावी तसा निवडायचा आणि त्याच्या पुढे दहा-दहा दिवसांच्या अंतराने बाकीचे. निवडलेल्या बंदरावर नोंद घेणारा पहिल्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा थांबतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी बारा. मधल्या रात्रीत किती होड्या लागल्या, काय माल आला, हे तो विचारून घेतो. असे चोवीस तास पुरे होतात. पंधरापर्यंत होड्या लागल्या तर सगळ्या पाहायच्या. वीस ते एकोणतीस असतील तर दोनांत एक, तीस ते एकोणचाळीस असतील तर तीनांत एक, चाळीस ते एकोणपन्नास असतील तर चारांत एक, पन्नास आणि त्यावर पाचांत एक. समजा चाळीस डोलीच्या होड्या लागल्या आणि त्यांतल्या दहा पाहिल्या, तर त्या दहांच्या बोंबलाला चारने गुणायचं. मग त्या दिवसावरून महिना, बंदरावरून विभाग आणि विभागांवरून राज्य.

वर्सोव्याच्या संदर्भात यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डोल हे खुंटाला बांधलेलं, तोंड वासून प्रवाहात उभं राहणारं पिशवीसारखं जाळं. ते माशाच्या मागे जात नाही. प्रवाह मासा घेऊन येतो. म्हणून डोलीचा माल उधाणाला वेगळा आणि भांगेला वेगळा. नोंद घेणाऱ्याने आपल्या सोयीच्या वारी बंदरावर जायचं ठरवलं असतं, किंवा भरपूर माल दिसेल म्हणून नेमका उधाणाचा दिवस गाठला असता, तर बोंबलाचा आकडा वर्षानुवर्षं फुगलेला राहिला असता. चिठ्ठीने ठरलेला दिवस हा मोह काढून टाकतो. शिवाय दहा दिवसांचं अंतर आणि पंधरवड्याची उधाण-भांग यांची पावलं जुळत नाहीत, त्यामुळे महिन्यातल्या तीन फेऱ्या समुद्राच्या तीन वेगळ्या अवस्थांवर पडतात. ज्यांना तांडेलाची भरतीची जाण आहे त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

पद्धत छापून सर्वांसमोर ठेवली, ही त्या पिढीची सर्वांत मोठी कामगिरी. तिच्यावर टीका करता आली, दुसऱ्या राज्याला ती उचलता आली, दुसऱ्या देशाला तिची आपल्याशी तुलना करता आली. आजच्या भाषेत हे खुलं मानक होतं. संगणक दारात येण्याच्या कितीतरी आधीचं.

बोंबलावरचं मुंबईतलं काम याच काळात बहरलं. एस. व्ही. बापट यांची बोंबलावरची पुस्तिका संस्थेने १९७० मध्ये आपली एकविसावी पत्रिका म्हणून काढली. माशाची वाढ, खाणं, प्रजनन, डोल, वलांडीवरचं सुकवणं, बाजार, सारं तीत एकत्र आलं. पण त्या काळच्या भारतीय लेखनात बोंबलाच्या शास्त्रीय नावाचं स्पेलिंग एक आणि जागतिक याद्यांत आज मान्य असलेलं स्पेलिंग दुसरं, फरक अवघ्या एका अक्षराचा. वाचणाऱ्या माणसाला तो जाणवतही नाही. यंत्राला मात्र ते दोन वेगळे मासे वाटतात आणि १९७० पर्यंतचं सगळं ज्ञान शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. मासळीच्या माहितीला सांकेतिक क्रमांकांची गरज का पडली, ते या एका अक्षरातून कळतं.

ही गरज रोमला आधी ओळखली गेली होती. सुखात्मे १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून रोमला गेले आणि जवळजवळ दोन दशकं तिथे होते. मासळीचे आकडे त्या संघटनेचा मत्स्य विभाग पाहत असे. १९५९ च्या परिषदेच्या ठरावातून तिथे मासेमारीच्या आकडेवारीत मेळ घालणारा आंतरराष्ट्रीय कार्यगट जन्माला आला, तो सुरुवातीला अटलांटिकपुरता होता, पुढे सगळ्या जगाचा झाला. त्याच्या आणि संघटनेच्या कामातून हळूहळू याद्या तयार झाल्या : समुद्राच्या क्षेत्रांची, जाळ्यांची, होड्यांची, माशांची. आपला अरबी समुद्र क्षेत्र ५१ मध्ये येतो, बंगालचा उपसागर ५७ मध्ये. डोलीसारख्या, प्रवाहात बांधून ठेवलेल्या जाळ्यांचा संकेत एफएसएन. प्रत्येक माशाला तीन रोमन अक्षरं. बोंबलाला मिळाली बीयूसी. वर्सोव्याला एका सकाळी उतरलेला माल मग एका ओळीत मावतो : वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख, भारत, क्षेत्र ५१, एफएसएन, बीयूसी, इतके किलो. ही ओळ सेनेगलमधला संशोधक वाचू शकतो आणि त्याची आपण. तिच्यासाठी कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत, कुणाची परवानगी लागत नाही.

आकडे आले तरी ते बोलते करायला हत्यारं लागतात. थंड समुद्रातल्या माशाच्या कानातल्या खड्याला झाडाच्या खोडासारखी वर्षाची वलयं पडतात, त्यावरून वय कळतं. आपल्या उबदार समुद्रात ती तशी स्पष्ट पडत नाहीत. १९८० च्या सुमारास मनिलाच्या संशोधन केंद्रात डॅनियल पॉली यांनी यावर तोड काढली : वय कळत नसेल तर लांबी मोजा, महिन्यामागून महिना शेकडो माशांची, आणि लांबीचे गट पुढे कसे सरकतात त्यावरून वाढ काढा. त्यासाठी त्यांनी बेसिक भाषेत छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि ते वाटून टाकले. एलेफॅन हे त्यांचं नाव. बडा संगणक नसलेल्या उष्ण कटिबंधातल्या देशांसाठी ते होते आणि भारतातल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी ते मनापासून स्वीकारले. पुढे अन्न व कृषी संघटनेच्या साथीने त्यांचा फिसॅट हा संच झाला, तोही मोफत. वर्सोव्याच्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या मासा फूटपट्टीवर ठेवून, लांबी लिहून, फिसॅटमध्ये भरून साठ्याचा अंदाज काढायला शिकल्या. पॉली यांचीच कल्पना आणि रायनर फ्रोएझ यांची मेहनत यांतून फिशबेस हा माशांचा ज्ञानकोश उभा राहिला, तो १९९६ पासून इंटरनेटवर सर्वांना खुला आहे. त्यात बोंबलाचं पान आहे आणि त्या पानाला भारतातल्या शोधनिबंधांचा आधार आहे. आता हेच काम आर या मुक्त संगणकभाषेतून होतं. तिथे गणिताची प्रत्येक पायरी उघडी असते. दिलेला निष्कर्ष कुणीही पुन्हा चालवून पाहू शकतो. पवईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प आणि स्पोकन ट्यूटोरियलचे मराठी धडे यांमुळे ही हत्यारं मराठीतून शिकण्याची सोयही याच उपनगरांतून झाली.

मराठीचा विषय निघाला म्हणून जुहूची आठवण करून द्यायला हवी. वर्सोव्याच्या दक्षिणेला, गुलमोहर रोडवर, १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र स्थापन झालं. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तिथे भारतीय लिप्यांच्या अक्षरांवर काम केलं. विंडोजमधला मंगल हा देवनागरी फाँट त्यांचा. रघू नावाचा त्यांचा युनिकोड फाँट मुक्त परवान्याने वाटला गेला. याचा मासळीशी संबंध फार जवळचा आहे. युनिकोडच्या आधी मराठी मजकूर प्रत्येक फाँटच्या खासगी सांकेतिकतेत अडकलेला असे. एका कार्यालयात टंकलेली माशांची यादी दुसऱ्या कार्यालयात उघडली की निरर्थक खुणा दिसत. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीची मांडणी भारतीय मानकावर बेतलेली होती आणि पुढच्या दशकात ती संगणकांत रुळली. तेव्हा कुठे ‘घोळ’, ‘रावस’, ‘मांदेली’ हे शब्द संगणकावर शोधता येण्याजोगे झाले. पकडीच्या नोंदीत लॅटिन नावाशेजारी माशाचं कोळी नाव ठेवणं त्याने सोपं झालं.

पुण्यात याच सुमारास आणखी एक प्रयत्न चालू होता. जगभरच्या सागरी जीवांच्या नोंदी एका ठिकाणी आणणाऱ्या ओबिस या जाळ्याचा हिंदी महासागरासाठीचा विभाग, इंडओबिस, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उभा राहिला. विश्वास चव्हाण हे त्याच्या उभारणीत पुढे होते. नंतर ते कोपनहेगनच्या जागतिक जैवविविधता माहिती सुविधेत गेले आणि २०११ मध्ये त्यांनी ल्युबोमीर पेनेव्ह यांच्यासह एक नेमका मुद्दा मांडला : माहिती गोळा करणाऱ्याला श्रेय मिळत नाही म्हणून तो ती दडवून ठेवतो, तर माहितीसंचाचं वर्णन हाच एक शोधनिबंध मानावा, त्याला लेखक असावेत, त्याचे दाखले दिले जावेत. आज या प्रकारचे निबंध छापणारी नियतकालिकं जगभर आहेत. माणसाच्या स्वभावाचा विचार करून काढलेली तोड होती ती. निव्वळ तंत्रावर विसंबणाऱ्यांना ती सुचली नसती.

इथपर्यंतची हकिगत अभिमानाची आहे. यापुढची तशी नाही.

२०१९ साली केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रात २.०१ लाख टन समुद्री मासळी उतरली. आदल्या वर्षी ती २.९५ लाख टन होती. २०१९ चा आकडा हा पंचेचाळीस वर्षांतला नीचांक. वादळांनी बुडवलेले दिवस, अति मासेमारी, लहान पिलांची पकड अशी कारणं चर्चेत आली. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा त्या सुमाराचा आकडा मात्र चार लाख टनांच्या वर होता. एकाच समुद्राचे, एकाच काळाचे दोन आकडे, आणि मोठा धाकट्याच्या दुप्पट. काही फरक समजण्यासारखा आहे. संशोधन संस्था जानेवारी ते डिसेंबर मोजते, राज्य एप्रिल ते मार्च. दोघांची माणसं वेगळी, पद्धत वेगळी. पण दुप्पट फरक त्याने भरून निघत नाही. तो कुठे पडतो हे पाहायचं तर दोन्हींचे बंदरवार, महिनावार, जातवार आकडे शेजारी ठेवून पाहावे लागतात आणि तसे ते सर्वसामान्य माणसाला मिळत नाहीत. संस्थेचे वार्षिक अंदाज प्रसिद्ध होतात. तिचे शोधनिबंध मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ई-प्रिंट्स भांडारात कुणालाही फुकट वाचता येतात, ही मोठी गोष्ट. ज्या नोंदींवर ते निबंध उभे असतात त्या मात्र आतच राहतात.

धोरण नाही असं म्हणता येणार नाही. सार्वजनिक पैशांतून गोळा झालेली माहिती सार्वजनिक असावी, हे राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण धोरण मार्च २०१२ मध्ये अधिसूचित झालं. कृषी संशोधन परिषदेनेही २०१३ मध्ये आपलं मुक्त प्रवेश धोरण आणलं. दुसरीकडे मच्छीमाराकडून माहिती घेण्याची साधनं झपाट्याने वाढली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर होड्यांची नोंदणी देशभर एकसारख्या पद्धतीने ऑनलाइन झाली आणि खलाशांना ओळखपत्रं आली. युरोपला जाणाऱ्या मासळीला १ जानेवारी २०१० पासून पकड प्रमाणपत्र लागतं, म्हणजे कुठल्या होडीने काय पकडलं याचा पुरावा. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला होड्यांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा आरंभ झाला, लक्ष्य एक लाख होड्या. २०२५ ची सागरी मत्स्यगणना कागदाऐवजी मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून झाली. होडीचा नंबर, खलाशाचा अंगठा, जाळ्याचा प्रकार, समुद्रातली जागा, घरातली माणसं, सगळं वर गेलं. यातलं खाली किती आलं?

काहीच आलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राकडून उपग्रहाने टिपलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळीच्या संभाव्य क्षेत्रांचा सल्ला मराठीतून येतो. टाटा कन्सल्टन्सीची मुंबईची प्रयोगशाळा, सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेचं मुंबई केंद्र आणि हैदराबादचं केंद्र यांनी मिळून ‘एमकृषी फिशरीज’ ही मोबाइल सेवा गेल्या दशकात रायगडच्या मच्छीमारांपर्यंत नेली. संस्थेच्या अभ्यासावर आधारून राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवली आणि त्याच वर्षी पापलेट राज्य मासा झाला. पिलं वाचली तर नाखव्याचाच फायदा. तरीही या सगळ्यात मच्छीमाराच्या हाती येतो तो सल्ला आणि नियम. ज्यावरून ते निघाले ती नोंद येत नाही.

आणि नोंद हाती असण्याला रोख किंमत आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना बंदर प्रकल्पांमुळे झालेल्या नुकसानीबद्दल सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. अशा प्रत्येक दाव्यात पहिला प्रश्न हाच असतो : पूर्वी किती मासळी मिळत होती? आज वर्सोव्याच्या समोर वांद्र्यापर्यंतच्या सागरी पुलाचं काम चालू आहे आणि डोलकर, हातजाळीवाले आपल्या हक्काच्या पाण्याबद्दल बोलत आहेत. त्यांच्या बंदरावरची मासळी गेली सहा-सात दशकं शास्त्रशुद्ध रीतीने मोजली जाणाऱ्या किनाऱ्याचा भाग आहे. तो हिशेब त्यांच्या बाजूने उभा राहू शकला पाहिजे. प्रकल्पवाले काय सांगतात आणि बंदर काय सांगतं, हे कुठल्याही नागरिकाला ताडून पाहता आलं पाहिजे.

एक रास्त आक्षेप आहे आणि तो कोळीवाड्यातूनच येतो. डोलीच्या खुंटांच्या जागा घराण्यांकडे परंपरेने चालत आलेल्या असतात. कोण कुठे किती माल काढतो हे उघड झालं तर भांडणं, चोऱ्या, मोठ्या ट्रॉलरांची धाड. ही भीती खोटी नाही. म्हणून ट्रान्सपाँडरवरची जागा आणि होडीचं नाव खुलं होता कामा नये. ते तांडेलाचंच राहावं. पण बंदरवार, महिनावार, जातवार आणि जाळ्यानुसार एकत्र केलेल्या आकड्यांत कुणाचं गुपित फुटत नाही. पूर्व तिमोरमध्ये वर्ल्डफिशच्या मदतीने उभी राहिलेली पेस्कास ही प्रणाली साधारण असंच करते. लहान होड्यांची पकड खुल्या सॉफ्टवेअरमधून गोळा होते आणि एकत्रित चित्र सर्वांना पाहता येतं. तिमोरला जे जमलं ते वर्सोव्याला न जमण्याचं काही कारण नाही. संकेत तयार आहेत, हत्यारं फुकट आहेत, देवनागरी संगणकात आहे, आणि नोंदी तर कधीपासूनच आहेत.

मागणी म्हणून सांगायचं तर ती एवढीच : वर्सोवा, मढ, भाटी, मनोरी, गोराई या उपनगरातल्या बंदरांचे जुने-नवे मासिक आकडे, आंतरराष्ट्रीय संकेत आणि कोळी नावं या दोन्हींसह, कुठल्याही संगणकावर उघडेल अशा साध्या तक्त्यात प्रसिद्ध व्हावेत, आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागानेही आपले आकडे त्याच मांडणीत त्यांच्या शेजारी ठेवावेत. मच्छीमार सहकारी संस्थांनी आपल्या सर्वसाधारण सभेत हा ठराव घ्यावा आणि दोन्ही कार्यालयांना पाठवावा. अंधेरी-बोरिवलीत राहणाऱ्या, संगणकावर काम करणाऱ्या वाचकांनी ते तक्ते आल्यावर उघडून, तपासून, त्यांतल्या चुका कळवाव्यात. त्या कामाला हात लावायला कोळी असावं लागत नाही.